फुकट, पण चोरीचं नको: येशूवरचे सिनेमे कुठे पाहायचे

कोरेझम, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू झाला की म्हापशातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात पयल्या कुमगाराच्या, म्हणजे मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, पांढऱ्या झग्यांची गर्दी होते. मापं देता देता बायका एक प्रश्न हमखास विचारतात: येशूचा चांगला पिक्चर मोबाइलवर कुठे मिळेल, आणि पैसे न भरता? मशीनशेजारी माझा फोन दिवसभर चालू असतो हे सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. लेस लावताना डोळे कापडावर, कान फोनवर. एवढे तास ऐकल्यावर माझी काही मतं झाली आहेत, ती इथे एकदाच लिहून टाकते.

आधी माझ्या घरच्या भाषांचा गुंता सांगते, कारण माझा सगळा हिशेब त्यावरच चालतो. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आम्ही कॅथलिक, पण शाळा मराठी, पेपर मराठी, आईचं प्रार्थनेचं पुस्तकही मराठी. घरात बोलणं मालवणी. लग्न होऊन गोव्यात आले तर सासरी कोकणी, तीही रोमी लिपीत, जी मी अजून अडखळत वाचते. मुलं इंग्रजी शाळेत. म्हणजे एकाच हॉलमध्ये बसून एकच सिनेमा पाहायचा तर आईला मराठी हवं, मांयला म्हणजे सासूबाईंना कोकणी हवी आणि मुलांना इंग्रजी. फुकट सिनेमे शोधणं त्यामानाने सोपं आहे. ही तीन माणसं एका सोफ्यावर टिकवणं कठीण.

दुसरी माझी अट अशी, की एखादी गोष्ट फुकट का आहे याचं उत्तर मला मिळालं पाहिजे. सिनेमा बनवायला पैसे लागतात. ते कुणीतरी भरलेले असतात, किंवा इतका काळ लोटलेला असतो की आता कुणाचा हक्क उरलेला नाही. दोन्हीपैकी एकही उत्तर सापडलं नाही तर तो माल चोरीचा आहे असं मी धरते. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की ते कुठल्या दुकानातलं आहे हे मी विचारतेच, तसंच.

सगळ्यात आधी नाव घ्यायचं ते १९७९ सालच्या ‘जीझस’चं. हा तोच सिनेमा जो गावोगावी पडदा लावून दाखवला जातो. ब्रायन डीकन नावाचा ब्रिटिश नट येशू झालाय आणि संवाद बहुतेक सगळे लूकच्या शुभवर्तमानातले आहेत. जगातला सर्वांत जास्त भाषांत गेलेला सिनेमा हाच. भाषांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. ‘जीझस फिल्म प्रोजेक्ट’ या संस्थेची वेबसाइट आणि ॲप दोन्ही फुकट आहेत. कार्डाचा नंबर नाही, मध्ये जाहिरात नाही. भाषेच्या यादीत मराठी आहे, कोकणीही आहे. पैसे कुणी भरले? देणगीदारांनी. सिनेमा दाखवणं हेच त्या संस्थेचं काम, म्हणून तो फुकट ठेवण्यातच त्यांना रस आहे. माझी ही अट इथे पूर्ण होते.

वापरायला सोपं आहे. सिनेमा उघडला की भाषा बदलायची खूण दिसते, तिथे इंग्रजीत मराठी असं टाईप करायचं आणि निवडायचं. मुलगा नसताना मांयनेही हे केलंय, यावरून काय ते समजा. ॲपवर सिनेमा उतरवूनही ठेवता येतो, आणि जून-जुलैत ज्यांच्या वाड्यावर वीज आणि नेट दोन्ही एकदम जातं त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता सिनेमा कसा आहे. खरं सांगायचं तर संथ आहे. दोन तासांच्या वर आहे आणि पहिला अर्धा तास नुसतं निवेदन ऐकतोय असं वाटतं. पण मराठी आवाज स्वच्छ आहे, आणि शिवताना ऐकायला संथपणाची अडचण होत नाही, उलट बरं पडतं. जक्कय झाडावर चढतो तो प्रसंग माझा आवडता. त्या छोट्या माणसाचा चेहरा पाहण्यासाठी मी मशीन थांबवते. आईने मात्र पाच मिनिटांत विचारलं, ‘‘गे, हो येशू इतको गोरो कसो?’’ मला उत्तर देता आलं नाही. नाझरेथच्या उन्हात सुतारकाम करणारा माणूस असा दिसणार नाही, हे वेंगुर्ल्याच्या बाजारात आयुष्य काढलेल्या बाईला कुणी शिकवायला लागत नाही.

आणखी एक गोष्ट कॅथलिक घरांना आधी सांगितलेली बरी. गोष्ट संपल्यावर शेवटी एक निवेदक येतो आणि पाहणाऱ्याला येशूचा स्वीकार करायला, आपल्यामागून प्रार्थना म्हणायला सांगतो. आपल्याकडे लगेच विषय निघतो: हे आपले, की त्या बिलिव्हर लोकांचे? संस्था अमेरिकेतली, प्रोटेस्टंटांतल्या इव्हँजेलिकल पंथाची आहे, हे खरं. पण मधले दोन तास लूकचे आहेत आणि लूक सगळ्यांचा आहे. मांय तो शेवटचा भाग आला की रिमोट उचलते, तेर्सची, म्हणजे माळेच्या प्रार्थनेची, वेळ झाली म्हणते, आणि कुणाचंच काही बिघडत नाही.

त्याच ॲपवर इतरही बरंच आहे. ‘माय लास्ट डे’ नावाची नऊ मिनिटांची जपानी ॲनिमेशन फिल्म जरूर पाहा. स्टुडिओ फोर डिग्री सी या जपानी स्टुडिओनं ती २०११ मध्ये केलीय आणि गोष्ट सांगतो तो येशूच्या शेजारच्या क्रुसावरचा चोर. इतक्या थोड्या वेळात इतकं दाटून भरलेलं मी दुसरं पाहिलं नाही. पण फटके मारण्याचा प्रसंग अंगावर येतो. कुमगाराच्या वयाच्या मुलांना एकटं बसवून दाखवू नका. माझ्या धाकटीने उशी तोंडावर धरली होती, थोरल्याला मात्र तीच फिल्म सगळ्यात जास्त आवडते.

गोऱ्या येशूचा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी ‘लूमो’ आहे. चारही शुभवर्तमानं शब्दाला शब्द धरून चित्रित केलेली, मोरोक्कोत चित्रीकरण, आणि येशूच्या भूमिकेत सेल्वा रसलिंगम हा तमीळ वंशाचा ब्रिटिश नट. नट आपसात त्या काळच्या भाषेत बोलतात आणि वरून शुभवर्तमानाचं वाचन चालतं. यूट्यूबवर त्यांचा स्वतःचा चॅनल आहे. आईनं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हां, हो आपल्यातलो वाटता.’’ माझी तक्रार एवढीच की सतत वाचन ऐकून दोन तास बसवत नाही. मी एक एक अध्याय लावते, रोज संध्याकाळी थोडा. तसं पाहिलं तर फार चांगलं जमतं, आणि उद्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कुठलं शुभवर्तमान आहे ते पाहून तेवढाच तुकडा आदल्या रात्री लावला तर मुलं मिस्सात जरा जागी राहतात.

आता ‘द चोझन’. याच्याबद्दल विचारणाऱ्या बायका सगळ्यात जास्त, कारण ही मालिका आहे आणि मालिकेची सवय आपल्याला आहेच. डॅलस जेनकिन्स हा दिग्दर्शक. पहिल्या सीझनसाठी कुठल्या स्टुडिओनं पैसे घातले नाहीत. सामान्य लोकांनी थोडे थोडे घालून एक कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली. म्हणून फुकट का, याचं उत्तर इथे चोख आहे. आधीच्यांनी भरलं म्हणून तुम्हाला दिसतंय, आवडलं तर तुम्ही पुढच्यांसाठी भरा, असं ॲपच सांगतं. भरलं नाही तरी भाग दिसतात. पहिल्या चार सीझनमध्ये प्रत्येकी आठ भाग आहेत. नवीन सीझन आधी पैशाच्या सेवांवर जाऊन मग इकडे येतो, तेव्हा उतावीळ असाल तर धीर धरा.

हिंदी आवाज आहे. आईला हिंदी सिनेमाची हिंदी समजते, तेवढ्यावर ती पाहते. मांयला मात्र हिंदीत येशू ऐकायची सवय नाही, तिला तो दूरदर्शनवरच्या जुन्या मालिकेतला वाटतो. त्यात काही चूक नाही म्हणा, आमच्या पिढीनं रविवारी ‘बायबल की कहानियाँ’ पाहूनच हिंदीत बायबल ऐकलं होतं.

मालिका म्हणून ‘चोझन’ पकडून ठेवते. येशू झालेला जोनाथन रूमी स्वतः कॅथलिक आहे, हे मी मुद्दाम सगळ्यांना सांगते, त्यामुळे निम्म्या शंका तिथेच मिटतात. आणि निकदेम म्हणून जो नट आहे, एरिक अवारी, तो दार्जिलिंगला जन्मलेला पारशी. त्याच्या डोळ्यांत जी तगमग आहे ती पाहायला मी पहिला सीझन दुसऱ्यांदा पाहिला. रात्री लपत छपत येशूला भेटायला येणारा विद्वान म्हातारा. आपल्याकडेही अशी माणसं आहेत ज्यांना सगळं पटलेलं असतं आणि समाजाच्या भीतीनं पाऊल उचलत नाही.

काना गावच्या लग्नाचा भाग तर गोव्यात प्रत्येकानं पाहावा. द्राक्षरस संपला ही बातमी शुभवर्तमानात एका ओळीत येते. इथे थोमाला त्या लग्नात द्राक्षरस पुरवणारा केलंय, त्याचा हिशेब चुकतो, पाहुणे वाढतात आणि त्याच्या पोटात गोळा येतो. कार्यात दारू कमी पडली की यजमानाची काय अवस्था होते हे बार्देशात वेगळं समजवावं लागत नाही. मांय हसून हसून लाल झाली, मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, ‘‘सायबिणीक कळ्ळें बी.’’ मारियेच्या लक्षात कसं आलं, ते दिग्दर्शकानं फार नाजूकपणे दाखवलंय.

पण ज्यांना शुभवर्तमानात नसलेलं काही पडद्यावर आलेलं चालत नाही, त्यांनी दूर राहावं. मत्तयाचा स्वभाव, पेत्राचं कर्ज, मग्दालियाची पूर्वकथा, यातलं पुष्कळ लेखकांनी रचलेलं आहे. मला ते आवडतं. शेजारच्या एका बाईंना अजिबात नाही, त्या म्हणतात की फादरना विचारल्याशिवाय मुलांना दाखवू नको. विचारा, त्यात वाईट काही नाही.

मुलांसाठी दोन ठिकाणं सांगून पुढे जाते. ‘सुपरबुक’ची हिंदी कार्टून यूट्यूबवर ती बनवणाऱ्या सीबीएन या अमेरिकन ख्रिस्ती टीव्ही संस्थेकडूनच आहेत आणि त्यांचं फुकट ॲपही आहे. दोन मुलं आणि एक रोबो बायबलच्या काळात जातात. मूळ मालिका १९८१ मध्ये जपानात तयार झाली होती, आताची नवी आहे. आवाज कर्कश, पण मुलांना तसाच लागतो. दुसरं ‘रिडीम टीव्ही’. ईमेल देऊन खातं उघडायचं, कार्ड मागत नाहीत, जाहिरात नाही, खर्च देणग्यांवर चालतो. तिथे ‘टॉर्चलायटर्स’ या नावाची अर्ध्या अर्ध्या तासाची कार्टून आहेत. त्यातलं तमिळनाडूत दोहनावूरला देवळात दिलेल्या मुलींना सांभाळणाऱ्या एमी कारमायकल यांच्यावरचं माझ्या थोरल्यानं आपणहून पुन्हा लावलं. इंग्रजी मात्र यायला हवं. आई आणि मांय दोघींनाही इथे काही नाही.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. मूकपट.

मूकपटात भाषेचं भांडणच नाही. आई, मांय आणि मुलं एका वेळी एकच चित्र बघतात आणि प्रत्येकजण आपापल्या भाषेत बडबडतो. आमच्या घरात येशूचा एखादा सिनेमा सगळ्यांनी शेवटपर्यंत एकत्र बसून पाहिला असेल तर तो हा: १९०६ सालचा, ॲलिस गी या फ्रेंच बाईनं गोमाँ कंपनीसाठी केलेला ख्रिस्ताच्या जीवनाचा पट. अर्ध्या तासाच्या थोडा वर. पंचवीस दृश्यं, आणि प्रत्येक दृश्य चित्रासारखं मांडलेलं, कॅमेरा जागचा क्वचितच हलतो. शेकडो माणसं पडद्यावर आहेत. १९०६! तेव्हा आपल्याकडे अजून कुणी कथापट बनवलेला नव्हता, आणि एक बाई तीनशे माणसांना उभं करून सांगतेय की तू इकडून ये, तू तिकडून जा.

शिवणारी बाई म्हणून मी आधी कपडे पाहिले. झग्यांचे घोळ, डोक्यावरची वस्त्रं, रोमी शिपायांची चिलखतं, सगळं विचार करून केलेलं आहे. जेम्स तिसो या चित्रकाराच्या बायबलच्या चित्रांवरून बाईंनी दृश्यं बेतली असं सांगतात आणि ते दिसतं. दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती ही की बाया सगळीकडे आहेत. पाळण्यापाशी, विहिरीपाशी, पाय पुसताना, क्रुसाच्या वाटेवर. वेरोनिका येशूचा चेहरा पुसते त्याला स्वतंत्र दृश्य दिलंय. आपल्या खुरसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या चौदा प्रसंगांच्या प्रार्थनेत, ते सहावं स्थान असतं, त्यामुळे मांयनं ते लांबूनच ओळखलं. मग तिनं एकेक स्थान मोठ्यानं सांगायला सुरुवात केली आणि आई तिच्यामागून मराठीत. मुलांना निवेदन दोन भाषांत मिळालं.

या जातीच्या सिनेमांशी आपलं मराठी माणसांचं नातं जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि तो पाहताना त्यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली. आपले देव असे पडद्यावर कधी येणार, या एका विचारानं पछाडले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. म्हणजे भारतीय सिनेमाच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या मुळाशी गिरगावातल्या एका थिएटरात पाहिलेला येशूचा पट आहे. गिऱ्हाइकांतल्या हिंदू बायकांना हे सांगितलं की त्याही फोनमध्ये डोकावतात.

दुसरा पाहायचा तो १९१२ चा ‘फ्रॉम द मँजर टू द क्रॉस’. सिडनी ऑल्कॉट दिग्दर्शक, केलेम कंपनी, आणि चित्रीकरण चक्क इजिप्तमध्ये आणि पॅलेस्टाईनमध्ये. पवित्र कुटुंब इजिप्तला पळतं तेव्हा मागे खरे पिरॅमिड आणि स्फिंक्स. पटकथा लिहिलीय जीन गॉन्टिए या बाईनं, आणि मारियाही तीच झालीय. सव्वा तासाच्या आसपास आहे. मधल्या पाट्या बायबलच्या इंग्रजी वचनांच्या आहेत, त्या थोरला वाचतो आणि मी सांगते. हा पहिल्यापेक्षा जास्त शिस्तीचा आहे, पण मला ॲलिस गीचा पट जास्त जिवंत वाटला.

हे मूकपट का फुकट आहेत? कारण हक्काची मुदत संपलीय. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. शंभर वर्षांपूर्वीचा पट त्याच्या कितीतरी बाहेर गेला. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आणि यूट्यूबवर हे सापडतात. फक्त दोन गोष्टी पाहायच्या. जुन्या पटाला कुणी आता नवं संगीत लावलं असेल तर त्या संगीताचा हक्क वेगळा, तो त्या वादकांचा. आणि ‘आर्काइव्ह’वर कुणीही काहीही चढवू शकतो, त्यामुळे तिथे आहे म्हणजे हक्कमुक्तच आहे असं नाही. मी साल पाहते. १९२० च्या अलीकडे-पलीकडे असेल तर बिनधास्त, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा रंगीत सिनेमा दिसला तर हात आखडता.

गुड फ्रायडेच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’च्या लिंक फिरायला लागतात. मेल गिब्सनचा हा सिनेमा आरमाईक, हिब्रू आणि लॅटिनमध्ये आहे, त्यामुळे डबिंगचं कुणाला काही पडलेलं नसतं आणि लिंक सगळीकडे चालते. हा सिनेमा कायद्यानं फुकट नाही. भाड्यानं घ्या, जिथे मिळतो तिथे पैसे भरून पाहा, नाहीतर सोडून द्या. माझ्या मावसभावानं पाठवलेल्या एका लिंकवर क्लिक केल्यावर आधी जुगाराची जाहिरात आली, मग फोन साफ करायला सांगणारी, मग आणखी काहीतरी जे मी इथे लिहिणार नाही. येशूला फटके मारतायत आणि कोपऱ्यात रमीचे पत्ते नाचतायत. मावसभावाला मी सांगितलं, ‘‘दादा, कोरेझमात मासे-मटण सोडतोस ना, तर ही लिंकपण सोड.’’ तो हसला आणि दुसऱ्या दिवशी दुसरी पाठवली.

यूट्यूबवर तर असे अनेक चॅनल आहेत जे बायबलचं नाव लावून पूर्ण सिनेमे चढवतात. खूण अशी की चित्र थोडं उलटं फिरवलेलं असतं, कडेला रंगीत चौकट, आवाज जरा किनरा केलेला. हे सगळं पकडलं जाऊ नये म्हणून. बनवणाऱ्याला स्वतःचाच सिनेमा असा वाकडा करून ठेवायची काय गरज? परदेशातली माणसं ट्यूबी, प्लूटो अशा फुकट सेवांची नावं देतात, त्या तिकडे कायदेशीरच आहेत, पण भारतात उघडत नाहीत. व्हीपीएन लावून उघडतात म्हणे. ते मला नको. फसवून आत शिरायचं आणि आत जाऊन दहा आज्ञा पाहायच्या, हे काही जमत नाही.

सिनेमाच हवा असं नसेल तर गोव्यात सीसीआर टीव्ही आहे, कोकणीत मिस्सा, प्रवचनं, प्रार्थना. मांय सकाळी तेच लावते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या काळात गुडघेदुखीनं जुन्या गोव्याला जाऊ न शकलेल्या आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी घरबसल्या थेट प्रक्षेपण पाहिलं. मराठीतलं कॅथलिक काही मात्र कमी सापडतं. वसईकडचे लोक थोडं करतात, त्यांची मराठी कानाला गोड लागते. फादर स्टीफन्सनी चारशे वर्षांपूर्वी रायतूरला राहून ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, तेही मराठीत, इथल्याच लोकांसाठी. त्या मानानं आज ‘चोझन’सारखं काही मराठी आवाजात ऐकायला आईनं अजून किती थांबायचं?

घरी पाहणं आणि कपेलाच्या, म्हणजे वाड्यावरच्या छोट्या चर्चच्या, मंडपात पन्नास माणसांना दाखवणं यांत फरक आहे, हे मात्र आमच्या वाड्यावर कुणाला माहीत नव्हतं. लोकांना सिनेमा दाखवायचा हक्कही मालकाचाच असतो. ॲपवर फुकट दिसतो म्हणून पडदा लावायची परवानगी आपोआप मिळत नाही; ‘जीझस’वाल्यांचा तर हेतूच लोकांना दाखवण्याचा आहे, तरी आधी त्यांच्या अटी वाचाव्यात आणि इतरांना सरळ ईमेल करून विचारावं. आम्ही कोरेझमात कपेलापुढे काहीतरी दाखवायचं ठरवलं तेव्हा याच कटकटीवरून वाद झाला. तरुण पोरांना ‘पॅशन’ हवा होता. बायका म्हणाल्या, लहान मुलं असतील. मराठी लावला तर अर्धा वाडा रुसेल, कोकणी लावला तर भाड्यानं राहणारी सावंतवाडीकडची कुटुंबं येणार नाहीत.

मी ॲलिस गीचं नाव सुचवलं. हक्काचा प्रश्न नाही, भाषेचा नाही, अर्ध्या तासात संपतो आणि म्हातारी माणसं वेळेवर जेवायला घरी. फक्त संगीत वेगळं हवं होतं, कारण सापडलेल्या कॉपीवरचं संगीत कुणा नव्या वादकाचं होतं. ते बंद करून आमच्याच वाड्यावरच्या, फेस्ताला वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्याला बसवलं. त्यानं आधी फोनवर पट बघून दृश्यं कागदावर लिहून घेतली आणि पांढऱ्या भिंतीसमोर खुर्ची टाकून वाजवलं. जन्माच्या दृश्याला नाताळचं, जैतुनाच्या डोंगरावर एक जुनं मोतेत, म्हणजे कोरेझमातलं शोकगीत. पुनरुत्थानाला येशू थडग्यातून वर जातो तिथे एक तार तुटली, तर त्यानं उरलेल्या तीनवर निभावलं आणि कुणाला कळलंही नाही. मला कळलं कारण मी त्याच्या मागेच बसले होते.

शेजारच्या वाड्यानं पुढच्या वर्षी आमच्याकडेही करा म्हणून निरोप पाठवलाय. पिक्चरचे पैसे लागत नाहीत हे त्यांना आवडलं. व्हायोलिनवाला मात्र म्हणतो की आपल्या वाड्यावर वाजवलं ते वाजवलं, दुसरीकडे जायचं तर जाण्यायेण्याचं भाडं, तारांचा संच आणि त्याचे ठरलेले पैसे आधी हातात. त्याचं बरोबर आहे. मी त्यांना तसं कळवलंय.